ई-पुस्तकाच्या आतला कोड स्वच्छ आणि साधा कसा ठेवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्डमध्ये तयार केलेल्या कादंबरीच्या हस्तलिखितावरून कॅलिबर या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने ईपब (ई-पुस्तकाची) फाइल बनवली. ती उघडते आणि वाचताही येते. परंतु एडिटरमध्ये आत डोकावले की प्रत्येक परिच्छेदाभोवती एकात एक स्पॅन (मजकुराच्या तुकड्याला वेढणाऱ्या खुणा, म्हणजे टॅग), 'कॅलिबर १', 'कॅलिबर २' असे कितीतरी नंबरी क्लास (टॅगला दिलेली, दिसण्याच्या नियमांशी जोडणारी नावे) आणि त्या नियमांची शेकडो ओळींची स्टाइलशीट दिसते. एका ई-रीडरवर सगळे ठीक दिसते, दुसऱ्यावर अक्षर बारीकच राहते आणि फोनवर रात्रीचा मोड लावला की मजकूर गायब होतो. हे सगळे साफ करावे का, करायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी आणि साधा कोड म्हणजे नेमका किती साधा?

साफ अवश्य करावे. मात्र कोडला हात लावण्यापूर्वी एक भूमिका पक्की करून घ्यावी, कारण ती पक्की झाली की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होतात. ई-पुस्तकातल्या कोडने 'हा मजकूर काय आहे' एवढेच सांगायचे असते: हे प्रकरणाचे नाव, हा परिच्छेद, हा पत्रातला उतारा, ही कवितेची ओळ. तो मजकूर केवढ्या अक्षरात, कोणत्या फॉन्टमध्ये, कोणत्या रंगात आणि किती रुंद ओळीत दिसावा, हे ठरवण्याचा अधिकार वाचकाचा आणि त्याच्या हातातल्या यंत्राचा. छपाईची सवय असलेल्यांना हे पचायला जड जाते, कारण तिथे पानाचा प्रत्येक मिलिमीटर आपल्या ताब्यात असतो. ई-पुस्तकात मुळात स्थिर पानच नसते. अक्षर एक घर मोठे केले की पुस्तकातली सगळी पाने नव्याने पडतात. तेव्हा पानाचे रूप बांधून ठेवण्यासाठी लिहिलेला कोड बहुतेक वेळा वाचकाच्या आड येतो.

फाइलची रचना माहीत असेल तर पुढचे समजणे सोपे जाईल. ईपब ही खरे तर एक झिप फाइल आहे. तिच्या पोटात एक्सएचटीएमएलमध्ये (वेबपानांच्या एचटीएमएल या भाषेच्या काटेकोर रूपात) लिहिलेली प्रकरणे, एक किंवा अधिक सीएसएस स्टाइलशीट, चित्रे, अनुक्रमणिका आणि या सगळ्यांची यादी व पुस्तकाची माहिती सांभाळणारी ओपीएफ फाइल असते. ईपब ३ हे प्रमाण २०११ मध्ये आले. ते सांभाळणारी आयडीपीएफ ही संस्था २०१७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियममध्ये विलीन झाली आणि ईपब ३.३ मे २०२३ मध्ये त्या कन्सोर्शियमची अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाले. प्रमाण एक असले तरी ते वाचणारी इंजिने, म्हणजे कोड वाचून मजकूर पडद्यावर मांडणारे प्रोग्राम, अनेक आहेत. ॲपल बुक्स वेबकिट या ब्राउझरच्या इंजिनावर चालते, कितीतरी जुने ई-रीडर अडोबीच्या इंजिनावर चालतात आणि किंडल तर आपण दिलेली ईपब आधी स्वतःच्या स्वरूपात बदलून घेते. प्रत्येक इंजिनाच्या आपल्या खोड्या आहेत. अडोबीच्या जुन्या इंजिनावरच्या काही यंत्रांना स्टाइलशीटमधली एखादी अनोळखी रचना समजली नाही, तर ती अख्खी स्टाइलशीटच बाजूला ठेवतात आणि एका हौशी ओळीपायी पूर्ण पुस्तक उघडेबोडके दिसू लागते. कोड जितका कमी, तितकी या खोड्यांशी गाठ कमी.

आता आपल्या तक्रारींचे मूळ एका परिच्छेदात पाहू. मजकूर एवढाच आहे असे धरा: 'दार उघडे होते. ती आत गेली नाही.' वर्डमधून तो एचटीएमएल होऊन बाहेर पडतो तेव्हा परिच्छेदाच्या पी टॅगला वर्डने दिलेला 'एमएसओ नॉर्मल' हा क्लास असतो आणि त्या अनुषंगाने परिच्छेदाखाली ८ पॉइंट जागा, ओळींची उंची १०७ टक्के अशा सूचना असतात. आत एक स्पॅन असतो. मजकूर मराठी असूनही त्याच्यावर भाषा इंग्रजी असल्याची खूण असते. त्याच्या आत दुसरा स्पॅन असतो, ज्यात फॉन्टचे नाव, आकार ११ पॉइंट आणि रंग काळा. तिसरा स्पॅन फक्त 'नाही' या शब्दाभोवती असतो, कारण तो शब्द लेखकाने तिरपा केलेला आहे. कॅलिबरमधून रूपांतर करताना याच सगळ्या सूचना उचलल्या जातात, एकसारख्या सूचनांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाला नंबर लावलेला क्लास मिळतो. यात कॅलिबरचा दोष नाही. जे पुढ्यात आले ते जसेच्या तसे दिसावे, हेच त्याचे काम. पण त्या रूपांतरात क्लासच्या नावातून मिळणारा अर्थ मात्र हरवतो.

त्या एका परिच्छेदात आपल्या दोन्ही तक्रारी बसलेल्या आहेत. आकार पॉइंटमध्ये पक्का केला की काही यंत्रे वाचकाने निवडलेल्या आकाराला दाद देत नाहीत, म्हणून दुसऱ्या ई-रीडरवर अक्षर बारीक राहते. रंग काळा असे स्पष्ट लिहिले की रात्रीच्या मोडमध्ये पार्श्वभूमी काळी होते आणि अक्षरही काळेच राहते. मजकूर गायब होत नाही, काळ्यावर काळा उमटलेला असतो. त्याखेरीज आपल्या लक्षात न आलेले आणखी दोन दोष तिथेच आहेत. भाषा इंग्रजी सांगितल्यामुळे दृष्टिबाधित वाचकाचे स्क्रीनरीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायचा प्रयत्न करू शकते. आणि ओळींची उंची आवळल्यामुळे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींना भिडू लागतात. या चारही सूचना काढून टाकल्याने पुस्तकाचे काहीही बिघडत नाही. त्यांतली एकही लेखकाने जाणूनबुजून दिलेली नव्हती.

म्हणून सफाईची पहिली जागा कोड नव्हे, हस्तलिखित आहे. मूळ वर्ड फाइल हाताशी असेल तर ईपबमधला कोड दुरुस्त करत बसण्यापेक्षा मागे जाऊन तीच नीट करावी. वेळ निम्म्याहून कमी लागतो. प्रकरणाच्या नावांना 'हेडिंग' स्टाइल लावावी. निव्वळ अक्षर मोठे आणि ठळक करून मधोमध आणलेली ओळ डोळ्यांना शीर्षक वाटली तरी कोडसाठी ती साधा परिच्छेदच असते. परिच्छेदाच्या सुरुवातीला टॅब किंवा चार-पाच स्पेस मारून आत सरकवलेल्या ओळी मोकळ्या कराव्यात आणि ते काम परिच्छेदाच्या स्टाइलवर सोपवावे. नवे पान सुरू व्हावे म्हणून एंटरवर एंटर मारलेले असतील तर ते सगळे काढावेत. उतारे, पत्रे, कविता यांना प्रत्येकी एक नावाची स्टाइल द्यावी. एवढे झाल्यावर वर्डमधून एचटीएमएल काढायचेच असेल तर 'फिल्टर्ड' हा पर्याय निवडावा, त्यात ऑफिसच्या खासगी खुणा बऱ्याच गळतात. माझी पसंती मात्र पॅनडॉक या मोफत साधनाला आहे. ते वर्ड फाइलमधून शीर्षके, परिच्छेद, तिरपे व ठळक शब्द, तळटीपा, याद्या असा अर्थाचा भाग उचलते आणि फॉन्ट, रंग, आकार यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. नेमके आपल्याला हवे ते.

इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्राममधून ईपब काढणाऱ्यांना हाच नियम वेगळ्या रूपात लागू पडतो. तिथे कोडमध्ये 'पॅराओव्हरराइड' आणि 'कॅरओव्हरराइड'च्या पुढे आकडे लावलेले क्लास दिसू लागले, तर मांडणी करताना कुणीतरी स्टाइलला बगल देऊन थेट मजकुरावर हात चालवला आहे, असे खुशाल समजावे. छापील पानात ओळ बसवण्यासाठी अक्षरांतले अंतर किंचित आवळणे हे नेहमीचे काम आहे. ई-पुस्तकात त्याच आवळण्याचे अनावश्यक स्पॅन होतात. निर्यातीपूर्वी हे ओव्हरराइड काढून टाकावेत आणि प्रत्येक स्टाइलला कोणता टॅग मिळावा, हे एक्सपोर्ट टॅगिंगमध्ये आधीच नेमून द्यावे.

मूळ फाइल उपलब्ध नसेल, किंवा ईपबमध्ये नंतर इतक्या दुरुस्त्या झाल्या असतील की मागे जाणे परवडणार नाही, तर कोडमध्येच सफाई करावी लागते. त्यासाठी सिजिल किंवा कॅलिबरचा स्वतःचा एडिटर, दोन्ही मोफत आणि दोन्ही पुरेसे आहेत. इथे कामाचा क्रम महत्त्वाचा, साधन कोणते हे दुय्यम. फाइलची प्रत बाजूला ठेवल्यावर सर्वांत आधी अहवाल काढावा: दोन्ही एडिटरमध्ये कोणता क्लास कुठे वापरला आहे, हे दाखवणारी सोय आहे. ती यादी समोर ठेवून प्रत्येक क्लासला एकच प्रश्न विचारावा की याला काही अर्थ आहे का. पन्नास-साठ नंबरी क्लासांची यादी असली तरी कादंबरीत अर्थ असलेले सहसा आठ-दहाच निघतात: तिरपा शब्द, ठळक शब्द, प्रकरणाचे नाव, शीर्षकानंतरचा पहिला परिच्छेद, उतारा, कवितेची ओळ, प्रसंगबदल, सही. बाकीचे क्लास म्हणजे एकाच परिच्छेदाचे किरकोळ फरकाने झालेले अवतार असतात, एकात खालचे मार्जिन शून्य तर दुसऱ्यात पाव एम (एम म्हणजे चालू अक्षराच्या आकाराएवढे माप).

यादी झाली की आधी अर्थ असलेले क्लास खऱ्या टॅगमध्ये बदलावेत. तिरप्या स्पॅनच्या जागी जोर असेल तर ईएम, ग्रंथाचे नाव वगैरे असेल तर आय. ठळकच्या जागी स्ट्राँग किंवा बी. मोठ्या अक्षरातल्या मधोमध ओळीच्या जागी एच १ किंवा एच २. हे सर्व संपल्यावरच उरलेले निरर्थक स्पॅन उडवावेत. हा क्रम उलटला तर नुकसान भरून येत नाही: स्पॅन आधी काढले की कोणता शब्द तिरपा होता, याची खूणच फाइलमधून नाहीशी होते आणि आठशे पानांत ती पुन्हा शोधायची म्हणजे हस्तलिखित पुन्हा वाचणे आले. स्पॅन काढताना साध्या फाइंड-रिप्लेसवर फार विसंबू नये. स्पॅनच्या आत स्पॅन असतो तेव्हा कोणता बंद होणारा टॅग कोणत्या उघडणाऱ्या टॅगचा, हे रेग्युलर एक्स्प्रेशनला (शोधायच्या मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्राला) कळत नाही. ते पहिला बंद टॅग दिसला की त्यालाच आपला मानते आणि जोड्या चुकतात. सिजिलसाठी 'टॅगमेकॅनिक' नावाचे प्लगइन आहे, ते अशा जोड्या नीट ओळखून टॅग काढते किंवा बदलते. हाताने करायचेच असेल तर सर्वांत आतल्या स्पॅनपासून, म्हणजे ज्याच्या आत दुसरा कोणताही टॅग नाही अशापासून, सुरुवात करून बाहेर यावे.

त्यानंतर टॅगच्या आत थेट लिहिलेल्या स्टाइल काढाव्यात आणि सर्वांत शेवटी स्टाइलशीटमधले न वापरलेले नियम. हे शेवटचे काम दोन्ही एडिटर एका आदेशात करतात. वर्डने पेरलेले बुकमार्कही, उदाहरणार्थ 'गोबॅक' नावाचा, काढायला हरकत नाही. परंतु आयडी म्हणून दिसणारी प्रत्येक खूण कचरा नसते. अनुक्रमणिका आणि तळटीपा त्या खुणांच्या आधारेच उडी मारतात, तेव्हा ज्या आयडीकडे कुठलीही लिंक जात नाही, तोच काढावा.

अदृश्य अक्षरांच्या बाबतीत मराठी पुस्तकांना वेगळा धोका आहे आणि इंग्रजी पुस्तकांसाठी लिहिलेल्या सफाईच्या सूचना जशाच्या तशा वापरणाऱ्यांना तो हमखास भोवतो. त्या सूचनांत 'शून्य रुंदीची सगळी अक्षरे काढून टाका' असा सल्ला असतो. मराठीत 'ऱ्या' दोन प्रकारे साठवलेला आढळतो: कधी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, तर कधी साधा 'र', हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि 'य' अशा चौकडीने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारातला जोडक सफाईच्या झपाट्यात उडाला की 'र'चा रफार होतो आणि 'डोंगरातल्या दऱ्या'चे 'डोंगरातल्या दर्या' होऊन बसते. ईपब तपासणारे कोणतेही साधन ही चूक दाखवणार नाही, कारण कोड निर्दोष आहे. म्हणून शून्य रुंदीच्या अक्षरांना हात लावण्यापूर्वी आधी त्या चौकडीच्या जागी 'ऱ' असलेले रूप सर्वत्र आणावे. शोधायलाही तेच बरे पडते, एरवी वाचकाने पुस्तकात शब्द शोधला तर अर्धे उल्लेख सापडतात आणि अर्धे निसटतात. मजकूर जर युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, म्हणजे फॉन्ट बदलताच मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर आणि मुद्रितशोधन. बाकी सगळे त्यानंतर.

आता स्टाइलशीट. कादंबरीसाठी तीस-चाळीस ओळी पुरतात आणि त्याहून जास्त झाल्या तर कारण तपासावे. सर्वसाधारण मजकुराला, म्हणजे बॉडीला, फॉन्टचे नाव नको, आकार नको, रंग नको, पार्श्वभूमी नको. परिच्छेदाला वर-खाली मार्जिन शून्य आणि पहिल्या ओळीला सव्वा ते दीड एम आत सरकवण. शीर्षकानंतरच्या आणि प्रसंगबदलानंतरच्या परिच्छेदाला ती सरकवण शून्य. शीर्षकाला मधोमध मांडणी, वर दोन-तीन एम जागा आणि त्याच्यानंतर लगेच पान तुटू नये अशी सूचना. उताऱ्याला दोन्ही बाजूंनी थोडे मार्जिन. कवितेच्या ओळीला अशी रचना की ओळ लांब होऊन खाली उतरली तर उरलेला भाग आत सरकलेला दिसावा. चित्राला कमाल रुंदी १०० टक्के. मोजमापे एममध्ये किंवा टक्क्यांत द्यावीत, म्हणजे वाचकाने अक्षर वाढवले की मोकळी जागाही त्याच प्रमाणात वाढते. पिक्सेल आणि पॉइंट ही पक्की मापे आहेत, त्यांना इथे जागा देऊ नये. 'इम्पॉर्टंट' हा शब्द लावून नियम रेटण्याची वेळ आली तर दोन नियम एकमेकांशी भांडत आहेत असे समजून त्यांतला एक काढावा. क्लासची नावे दिसण्यावरून ठेवू नयेत, कामावरून ठेवावीत: 'मधोमध-तिरपा' असे नाव ठेवले आणि उद्या ते पत्र डावीकडे घ्यायचे ठरले तर नावच खोटे पडते, 'पत्र' हे नाव टिकते.

परिच्छेद दोन्ही कडांना सरळ करावेत का, यावर मतभेद आहेत. माझे मत असे की तो निर्णयही वाचकाकडे सोडावा. मराठी शब्द लांब असतात, शब्द तोडून ओळ भरण्याची सोय अनेक इंजिनांत मराठीसाठी नसते आणि फोनच्या अरुंद पडद्यावर मोठ्या अक्षरात दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये खिंडारे पडतात. ॲमेझॉनच्या प्रकाशकांसाठीच्या मार्गदर्शिकेतही मुख्य मजकुरावर अशी सक्ती करू नये असेच सांगितलेले आहे.

देवनागरीसाठी स्टाइलशीटमध्ये आणखी काही पथ्ये आहेत. शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर वाढवणारा नियम रोमन लिपीत डौलदार दिसतो. देवनागरीत शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे करून तीन ओळींत बसवण्याचा मोह टाळावा, कारण 'श्री' किंवा 'क्षि' यांसारख्या सुरुवातीत पहिले अक्षर कुठे संपते याविषयी इंजिनांचे एकमत नसते आणि वेलांटी एकीकडे, व्यंजन दुसरीकडे अशी दशा होते. ओळींची उंची द्यायचीच असेल तर ती सढळ असावी. तिरप्या अक्षरांचा प्रश्न तर मजेदार आहे. बहुतेक देवनागरी फॉन्टना तिरपा अवतार नसतोच. इंजिन सरळ अक्षरच रेटून कलते करते आणि ते ओंगळ दिसते. इथे आधी केलेल्या कष्टांचे फळ मिळते: कोडमध्ये सगळीकडे ईएम असेल, तर 'ईएम तिरपा नको, ठळक दाखव' अशी एक ओळ स्टाइलशीटमध्ये लिहिली की पुस्तकभर बदल होतो. तिरप्यासाठी अकरा वेगवेगळे नंबरी क्लास असते तर तेच काम अकरा ठिकाणी करावे लागले असते, आणि बारावा राहून गेला असता.

फॉन्ट पुस्तकात घालावा का? सरसकट नको. घालायचा झाल्यास त्याचा परवाना त्याला अनुमती देतो का, ते पाहावे. 'मुक्त' (Mukta), नोटो सेरिफ देवनागरी यांसारखे फॉन्ट एसआयएलच्या खुल्या परवान्याखाली असल्याने तिथे अडचण नसते. फाइल हलकी करण्यासाठी फॉन्टमधली न लागणारी अक्षरे छाटणारी साधने जपून वापरावीत. देवनागरीची जोडाक्षरे ही फॉन्टच्या आतली स्वतंत्र चित्रे असतात, आणि मजकुरातल्या सुट्या अक्षरांची यादी पाहून केलेल्या आडदांड छाटणीत तीच नेमकी गळतात.

प्रसंगबदलासाठी मोकळे परिच्छेद ठेवण्याची सवय सोडावी. काही इंजिने रिकामे परिच्छेद गिळतात, आणि न गिळले तरी तो मोकळा भाग नेमका पडद्याच्या टोकाशी आला तर वाचकाला प्रसंग बदलल्याचा पत्ताच लागत नाही. त्याऐवजी एचआर (आडव्या रेषेचा) टॅग द्यावा किंवा एखादे छोटे चिन्ह असलेली ओळ ठेवावी. तोच न्याय स्पेसला: सलग न तुटणाऱ्या स्पेस टाकून मांडणी साधू नये. न तुटणारी स्पेस खरोखर हवी असेल तिथे ती अंकी रूपात, १६० या क्रमांकाने लिहावी. 'एनबीएसपी' हे एचटीएमएलमधले परिचित नाव ईपब ३ मध्ये वैध नाही आणि त्या एका शब्दामुळे प्रकरण उघडण्याऐवजी त्रुटीचा संदेश दिसू शकतो. एक्सएचटीएमएल याबाबतीत कठोर आहे: ब्राउझर एखादा न मिटलेला टॅग सांभाळून घेतो, ई-रीडर घेईलच असे नाही.

प्रत्येक प्रकरण स्वतंत्र फाइलमध्ये असावे. नवे प्रकरण नव्या पानावर सुरू करण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही, आणि जुन्या यंत्रांना मोठ्या फाइल झेपत नाहीत. कॅलिबर रूपांतर करताना २६० किलोबाइटपुढच्या फाइल आपण होऊन तोडते, ते याच कारणाने. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइट घेते, रोमन अक्षर १ बाइट. म्हणजे इंग्रजीत आरामात बसणारे प्रकरण मराठीत ती मर्यादा तिप्पट वेगाने गाठते आणि मधेच भलत्याच ठिकाणी तुटते. प्रत्येक फाइलच्या एचटीएमएल टॅगवर आणि ओपीएफमध्येही भाषा 'एमआर' अशी नोंदवावी. इंग्रजी उतारा असेल तर फक्त त्या उताऱ्यावर वेगळी खूण. शीर्षकांच्या पातळ्या प्रामाणिक असल्या, भाग एच १ आणि त्यातली प्रकरणे एच २, की अनुक्रमणिका एडिटरला स्वतः तयार करता येते. स्क्रीनरीडर वापरणारा वाचकही याच पातळ्यांच्या आधारे पुस्तकात फिरतो. युरोपीय महासंघाचा सुलभतेचा कायदा २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकांनाही लागू झाला आहे, त्यामुळे तिथे विक्री करू पाहणाऱ्या प्रकाशकांना चित्रांना पर्यायी मजकूर देणे आणि शीर्षके नीट लावणे ही आता ऐच्छिक बाब राहिलेली नाही.

सफाईनंतरच्या तपासणीचे तीन भाग आहेत आणि तिन्ही करावेत. ईपबचेक हे मोफत साधन कोड प्रमाणाशी जुळतो का, लिंक कुठे तुटल्या आहेत, यादीत नसलेली फाइल आत पडून आहे का, हे सांगते. ते पुस्तकाचे रूप पाहत नाही, म्हणून दुसरा भाग डोळ्यांनी करायचा: थोरियम रीडर, ॲपल बुक्स आणि किंडल प्रिव्ह्यूअर यांत फाइल उघडून अक्षर सर्वांत मोठे करावे, रात्रीचा मोड लावावा, फॉन्ट बदलून पाहावा. नेहमीच्या सेटिंगमध्ये सुंदर दिसणाऱ्या पुस्तकाचे दोष या तीन बदलांत उघडे पडतात. तिसरा भाग बहुतेक जण वगळतात, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सफाईपूर्वीच्या आणि सफाईनंतरच्या दोन्ही फाइलींतून टॅग वगळून नुसता मजकूर काढावा आणि दोन्ही मजकूर एकमेकांशी ताडून पाहावेत. 'ऱ' आणि स्पेस यांचे जाणूनबुजून केलेले बदल सोडले तर फरक शून्य असायला हवा. कुठे एक शब्दही गळालेला दिसला तर तो कोणत्या फाइंड-रिप्लेसमध्ये गळाला, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तोच आदेश पुस्तकभर फिरलेला असतो. कॅलिबरच्या एडिटरमध्ये प्रत्येक मोठ्या बदलापूर्वी चेकपॉइंट नोंदवता येतो, आणि त्याच्याशी तुलना करून हा शोध काही मिनिटांत लागतो.

आपली कादंबरी छापून झाली असेल आणि ई-पुस्तक विक्रीत असेल, तर साफ केलेली ईपब हीच यापुढे मूळ प्रत मानावी. पुढच्या दुरुस्त्या तिच्यातच कराव्यात, वर्ड फाइलवरून पुन्हा रूपांतर करू नये आणि ही ईपब कॅलिबरच्या रूपांतरातून पुन्हा फिरवू नये, नाहीतर नंबरी क्लास जसेच्या तसे परत येतील. पुस्तकाची माहिती किंवा एखादा शब्द बदलायचा असेल तर एडिटर पुरेसा आहे. आणि तिन्ही तपासण्या पार पडल्यावरही कुठे दोन-चार निरर्थक स्पॅन उरलेले दिसले, तर ते तसेच राहू द्यावेत. वाचकाला ते दिसत नाहीत आणि त्यांच्यासाठी आणखी एक फाइंड-रिप्लेस चालवण्याचा धोका त्यांच्या असण्यापेक्षा मोठा आहे.